पंपवाल्याचं गुपित

“पंपवाला कोनं लिवला?”

प्रश्नोत्तरांच्या रांगेत माईकपर्यंत पोचलेल्या त्या माणसाने एवढंच विचारलं आणि अमरावतीच्या त्या सभागृहातली दोन-अडीचशे पोरं खूश होऊन ओरडली. त्यांना वाटलं, हा आपल्यातलाच. सकाळपासून पोरं आमच्या कम्प्युटरवरच्या खेळातल्या पात्रांचे वेश करून आली होती. कुणी टायरच्या तुकड्यांचं चिलखत शिवून घातलं होतं, कुणाच्या तोंडावर गॅसचा मुखवटा होता, कुणाच्या हातात नळाचा गंजका पाइप. त्या गर्दीत काळा चष्मा लावलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, वाळून गेलेला तो माणूसही त्यांना खेळातलंच एखादं पात्र वाटला असेल.

“मी लिहिला,” मी मंचावरून म्हणालो.

“तुमीच उमाळे काय?”

“हो. निरंजन उमाळे.”

त्याने मान डोलवली, माईक मागच्या मुलीच्या हातात दिला आणि जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं नसतं. आवाजावरून ओळखलं. पंधरा वर्षांत तो आवाज मी हजारदा तरी ऐकला होता, कारण खेळातल्या त्या पात्रासाठी मी स्वतःच त्याची नक्कल करून ध्वनिमुद्रण केलं होतं.

खेळाचं नाव ‘राखपट्टा’. मी आणि चारुता गावंडे, आम्ही दोघांनी तो इथेच, अमरावतीत इंजिनीअरिंगला असताना सुरू केला आणि दोन हजार दोन साली सीडीवर विकायला काढला. बॉम्ब पडून गेलेत, विदर्भ जळून गेलाय, विहिरींना विषारी पाणी आहे आणि तुम्ही एकटे राखेतून चालत निघालात, असा तो खेळ. कोडिंग चारुताचं, लेखन माझं. आठ-दहा वर्षांत सायबर कॅफेंमधून, कॉलेजांमधून तो असा पसरला की आमची आम्हालाच भीती वाटावी. मग कुठली कंपनी दुसरा भाग काढायला तयार होईना, तेव्हा चारुता म्हणाली, लोकांकडूनच वर्गणी मागू. दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही इंटरनेटवर तीस दिवसांची मोहीम उघडली. आज तिचा तिसावा दिवस होता. संध्याकाळी सहाला ती बंद होणार होती, ब्याण्णव टक्के रक्कम जमली होती आणि उरलेली जमावी म्हणून हा चाहत्यांचा मेळावा मंचावरच्या कॅमेऱ्यातून सगळीकडे थेट दिसत होता.

आणि ती रक्कम जमत होती ती पंपवाल्याच्या जिवावर.

राखपट्ट्यात अर्ध्या वाटेवर एक मोडका पेट्रोल पंप लागतो. तिथे एक माणूस बसलेला असतो. पेट्रोल कुठे लपवलंय हे त्याला विचारायचं. तुम्ही त्याला पाणी देऊ शकता, धमकावू शकता, मारू शकता. किती मारायचं याला मर्यादा नाही. तो एकच वाक्य म्हणत राहतो : “मले मारा बापा, पन मले नाई माईत.” बारा वर्षं पोरं त्याला मारत होती. कुठल्या क्रमाने मारलं की तो बोलतो, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. आमच्या जाहिरातीत चारुताने मोठ्या अक्षरांत टाकलं होतं : दुसऱ्या भागात पंपवाला बोलणार. गुपित उघड होणार.

मी मंचावरून उतरायला लागलो तसा चारुताने माझा दंड धरला.

“काय झालं? पांढरा पडलायस.”

“ओळखीचा माणूस आलाय. पाच मिनिटं.”

“निरंजन, चार तास राहिलेत. हे सगळे तुझ्यासाठी बसलेत.”

“पाचच मिनिटं.”

सभागृह लग्नाचं होतं. मंचाच्या बाजूला ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेली खोली होती, तिथे आम्ही सजावटीचं सामान टाकलं होतं : पत्रे, ड्रम, पाइपांचा ढीग. मी त्याला आत घेतलं आणि दार लोटलं.

“बसा, दौलतभाऊ.”

“भाऊ म्हनता?” तो उभाच राहिला. “मेसमधी त ‘ए दौलत, भात’ म्हनत होते.”

त्याने चष्मा काढला. डाव्या डोळ्याच्या जागी कातडी आत ओढली जाऊन मिटली होती. मी खाली बघितलं.

“पाहा ना,” तो म्हणाला. “लाजू नका.”

“दौलतभाऊ, तुम्हाला कसं कळलं...”

“माह्या बहिनीचा पोरगा हाय नागपुरात, नोकरीले. दिवाळीले आला त कम्प्युटरवर खेळून रायला होता. मी बाजूच्या खोलीत पडलो होतो. आन् मले माहाच आवाज आला.” त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले. “मले मारा बापा. जशाचा तसा. उठून पाह्यलं त एक मानूस खाली बसेल, हात असे डोक्यावर. आन् पोरगा हासून रायला. म्हने, मामा, हा बोलतच नाई, कितीबी हाना. मी म्हनलं, मले बी हानू दे. त्यानं मले बटन दाखवलं. मी हानलं एकडाव.”



एकोणीसशे नव्याण्णवच्या नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी, हॉस्टेलच्या मेसमध्ये दौलत काळे या वाढप्याला पोरांनी मारलं होतं. कॉलेजच्या संगणक-प्रयोगशाळेतल्या चार मशिनींमधल्या मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या पट्ट्या चोरीला गेल्या होत्या. प्रयोगशाळा बंद झाली, परीक्षेचे प्रोजेक्ट अडकले आणि वॉर्डनने नोटीस लावली की चोर सापडला नाही तर भरपाई सगळ्यांकडून. दौलत मेसचं काम करून सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा झाडायचा. चोवीस वर्षांचा होता. पोरांनी त्याला भाताचं भांडं हातातून काढून खाली बसवलं. आधी थपडा. मग हॉकीची काठी. मग कुणी तरी कमरेचा पट्टा काढला आणि बक्कलच्या बाजूने फिरवायला लागला. दौलतने दोन्ही हात डोक्यावर धरले होते. सांडलेल्या भातावर रक्त पडत होतं आणि पोरं त्या भातात घसरत होती. एकाने काठी माझ्या हातात दिली : “उमाळे, तूही मार एक.” मी मारली. पाठीवर मारली, हलकीच मारली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पट्ट्याचं बक्कल नंतर लागलं. त्याने हात खाली घेतले तेव्हा बोटांमधून जे आलं ते पाहून सगळे एकदम मागे सरले. पोलिसांत कुणी गेलं नाही. दौलत परत मेसमध्ये आला नाही.

“मी भांडायले नाई आलो,” दौलत म्हणाला. “पोरानं मले तुमची जाहिरात वाचून दाखवली. गुपित सांगनार म्हने. म्हनून गाडीत बसलो. मले सांगा आता. त्या पट्ट्या कोनं नेल्या होत्या?”

“मला नाही माहीत,” मी म्हणालो.

वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. दौलतने आपला एक डोळा माझ्यावर रोखला.

“हे माह्यं बोलनं होय, साहेब. मी खरं बोलत होतो. तुमी खोटं बोलून रायले.” त्याचा आवाज अजूनही चढला नव्हता. “ज्याले माईत नाई तो असा घाम पुसत नाई. मी मेसच्या मालकाचं ऐकून घेतलं. गावातल्या लोकाइचं ऐकून घेतलं. पोरगी पाह्यले गेलो त पोरीचा बाप म्हने, चोरीत डोया गेला तोच ना हा. पंधरा वर्स. मले पैसे नाई पायजेत. फक्त नाव पायजे. तो पोरगा मेला असन तरी चालन. नाव सांगा.”

बाहेर चारुता माईकवरून काही तरी म्हणत होती आणि पोरं टाळ्या वाजवत होती. ब्याण्णवचे चौऱ्याण्णव झाले असावेत.

“मी नेल्या,” मी म्हणालो.

त्याने हातातला चष्मा खिशात घातला.

“आमचं मशीन जुनं होतं. खेळ चालत नव्हता त्यावर. एका कंपनीला नमुना दाखवायचा होता. आठ दिवसांत परत ठेवणार होतो. खरंच ठेवणार होतो. मग वॉर्डनने नोटीस लावली आणि मी घाबरलो.” एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “रविवारी पोरांनी मला विचारलं, आदल्या संध्याकाळी तूच होतास ना प्रयोगशाळेत, कोण आलं होतं? मी म्हणालो, दौलत झाडायला आला होता. एवढंच म्हणालो मी. तुम्ही खरंच आला होतात.”

“आलो होतो,” दौलत म्हणाला. “तुमाले च्या आनून देल्ला होता त्या दिवशी.”

तो वाकला. मला वाटलं, त्याला चक्कर आली. त्याने ढिगातला पाइप उचलला होता.

पहिला फटका माझ्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी कानाने नाही, दातांमध्ये ऐकला. मी ड्रमवर पडलो, ड्रम पत्र्यांवर पडले. दुसरा फटका मी हातावर घेतला आणि मनगट उलटं वळलं. तो काही बोलत नव्हता, शिव्या देत नव्हता. लाकूड फोडणारा माणूस जसा मोजून घाव घालतो तसा मारत होता. तिसरा फटका बरगडीत. माझ्या तोंडातून ओरडणं निघालं की नाही आठवत नाही, पण पत्र्यांचा आवाज पुरेसा होता. दार उघडलं.

“ए! सरांना मारतोय!”

आठ-दहा जण एकदम आत आले. मुखवटे, चिलखतं, पाइप. त्यांनी दौलतला मानेला धरून बाहेर ओढलं, मंचासमोरच्या मोकळ्या जागेत. मी भिंतीला धरून उठलो. दारातून मला दिसलं : कुणी तरी त्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली आणि तो खाली बसला. त्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

“कोण आहे हा?”

“मघापासून वर्गणीच्या टेबलापाशी घुटमळत होता. मी पाहिलंय.”

“चोर आहे साला!”

तो शब्द एकाने उच्चारला आणि सगळ्यांचा झाला. यशोधन नावाचा एक उंच मुलगा होता, मोहिमेत सगळ्यात आधी वर्गणी भरणारा, सकाळी माझ्याकडून मुखवट्यावर सही घेतलेला. त्याने पाइप दोन्ही हातांनी उचलला आणि दौलतच्या पाठीवर घातला. मग सगळ्यांनीच. खोटी शस्त्रं म्हणून आणलेलं सगळं लोखंड खरं होतं. चिलखतावरचे खिळे खरे होते. दौलतचा पांढरा शर्ट मानेपासून लाल होत खाली आला. एकाने त्याचे हात डोक्यावरून उपटून काढायचा प्रयत्न केला, बोल म्हणून, कुणी पाठवलं बोल, आणि दौलत म्हणाला,

“मले नाई माईत बापा.”

गर्दीतून कुणी तरी हसलं. खरंच हसलं. एक जण म्हणाला, “अरे, पंपवाला!” आणि मारणाऱ्यांना आणखी चेव आला.

चारुता मंचावरून ओरडत होती, “थांबा! पोलिसांना बोलावलंय, थांबा!” तिचं कुणी ऐकलं नाही. मी चालत गेलो. खांदा लोंबत होता, एका पायात बूट नव्हता. “सोडा त्याला,” मी म्हणालो. माझा आवाज माझ्यापर्यंतही पोचत नव्हता. मी एका मुलाला बाजूला लोटायला गेलो आणि त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. त्याने बघितलंच नव्हतं कोण आहे ते. मग मी खाली बसलो आणि दौलतच्या अंगावर आडवा झालो. दुसरं काही येत नव्हतं मला. दोन फटके पाठीवर बसले, एक डोक्यात. त्याच्या कानाशी माझं तोंड होतं. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

“सर आहेत! थांबा रे, सर आहेत खाली!”

मारणं एकदम थांबलं. यशोधनने मुखवटा वर केला. त्याचं तोंड घामाने भिजलं होतं आणि तो वीस-बावीस वर्षांचा, अगदी साधा मुलगा होता.

“सर, हा चोर आहे ना?”

पंधरा वर्षांपूर्वी मला असाच एक साधा प्रश्न विचारला होता. तेव्हाही विचारणारा घामेजलेला होता, तेव्हाही सगळे माझ्याकडे बघत होते.

“चोर मी आहे,” मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. चारुता खाली आली होती, माईक तिच्या हातातच होता. मी तिच्याकडे हात केला, तिला वाटलं आधार मागतोय. मी माईक घेतला आणि बोललो. पट्ट्या कुणी नेल्या, पोरांना कुणाचं नाव सांगितलं, डोळा कसा गेला. पंपवाला कोण. “त्याला काही माहीत नव्हतं,” मी म्हणालो. “गुपित एवढंच आहे. तुम्ही कितीही मारलंत तरी तो काही सांगणार नव्हता, कारण त्याला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.”

 यशोधनच्या हातातला पाइप फरशीवर पडला. 

चारुता माझ्याकडे बघत होती.

“आपल्या मशीनमध्ये होत्या त्या?” तिने विचारलं. “मी ज्याच्यावर सगळं लिहिलं त्या?”

“हो.”

“तू म्हणाला होतास, मामाने घेऊन दिल्या.”

ती मागे वळली, मंचावर गेली आणि तिने कॅमेरा बंद केला. तोपर्यंत जे जायचं ते सगळीकडे गेलं होतं.

दौलतच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, एक फुप्फुसात शिरली होती. माझा खांदा, मनगट, डोक्याला अकरा टाके. सरकारी दवाखान्यात आम्हाला एकाच वॉर्डात ठेवलं, कारण दुसरीकडे खाट नव्हती. पोलीस आले. मी दौलतविरुद्ध तक्रार द्यायला नकार दिला आणि माझीच जबानी लिहून घ्या म्हणालो. फौजदार वैतागून म्हणाले, “पंधरा वर्षांपूर्वीच्या रॅमची चोरी? कॉलेजला तरी आठवते का ती?” मारणाऱ्या सात मुलांवर मात्र गुन्हा दाखल झाला. यशोधनच्या वडिलांनी मला फोनवर विचारलं की माझ्या पोराचं आयुष्य कोण भरून देणार. 

मोहिमेचं म्हणाल तर त्या संध्याकाळी सहाच्या आत ती एकशेतीस टक्क्यांवर गेली. व्हिडिओ पाहून लोक तुटून पडले होते. चारुताने दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पैसे परत केले आणि तीन वर्षांनी स्वतःच्या हिमतीवर दुसरा भाग काढला. त्यात माझं नाव नाही, पंपही नाही. आम्ही त्यानंतर बोललेलो नाही.

वॉर्डात पाच दिवस दौलत एक शब्द बोलला नाही. मी माफी मागितली तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सहाव्या दिवशी सकाळी, चहा पीत असताना, तो छताकडे बघत म्हणाला, “तुमाले चालता येते काय?”

“येतं.”

“मंग सुट्टी भेटल्यावर माह्या घरी या. माह्या मायले सांगा.”

“त्यांना माहीत नाही?”

“मी किती डाव सांगतलं. माय मानत नाई.”

दर्यापूरच्या पुढे त्याचं गाव. डिसेंबरात, हात गळ्यात बांधलेला असताना, मी बसने गेलो. म्हातारी अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरीच्या पुढची, ताठ. दौलत ओसरीवर, खांबाला टेकून बसला. त्याने माझी ओळख करून दिली नाही. मीच तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, तिला कमी ऐकू येत होतं. शेजारच्या दोन बाया कुडावरून डोकावल्या. मी त्यांच्यादेखतही सांगितलं. दौलतने काही घेतलं नव्हतं आई, मी घेतलं होतं.

तिचे हात थांबले. ती ओरडेल, शाप देईल, हातातलं काही फेकून मारेल म्हणून मी तयार होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“यानं नाई नेलं?”

“नाही.”

“काहीच नाई?”

“काहीच नाही.”

ती दौलतकडे बघायला लागली. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरत होता.

“डोक्शाले पट्टी बांधून घरी आला हा,” म्हातारी म्हणाली. “मी म्हनलं, माह्या पोटचा चोर निंघाला. चुलीतलं लाकूड घेतलं आन् हानलं. हा हात डोक्यावर घेऊन बसला. म्हने, माय, म्या नाई नेलं. मी अजून हानलं. लाकूड तुटेपरेंत हानलं.”

तिने माझा पट्टीत बांधलेला हात धरला, जोराने, दुखेल इतका.

“मंग म्या काहून मारलं त्याले?” तिने मला विचारलं. “सांग ना बापू. तुले माईत हाय ना? मंग म्या काहून मारलं?”

दौलत खांबाजवळून उठला आणि घरात निघून गेला. म्हातारीने माझा हात सोडला नाही. ती विचारत राहिली, आणि परतीच्या बसची वेळ होऊन गेली तरी मी तिथेच बसून होतो.